आपल्या अंगाचा ब्लाउज

ब्लाउज शिवून आला, घातला आणि हुकांच्या मधे फट पडली, की बहुतेक बायकांची नजर आधी स्वतःच्या छातीवर जाते, मग पोटावर. ‘सुटलेय मी’ म्हणत ब्लाउज कपाटाच्या तळाशी जातो आणि त्याच्यावरची साडीही घडी न मोडता पडून राहते. कापड कसं कापलं होतं, हे कुणी उलटं करून बघत नाही. मला याचं फार वाईट वाटतं. असा ब्लाउज उसवून टेबलावर पसरला की चूक बहुधा कापडातच सापडते, आणि ती अर्ध्या-पाऊण इंचाची असते. तेवढ्यासाठी एखादी बाई वर्षानुवर्षं स्वतःच्या अंगावर नाराज राहते.

शिंपीकामात एक जुनी सोय आहे. छातीचं एकच माप घ्यायचं आणि बाकीचं त्यावरून हिशोबाने काढायचं. छातीचा चौथा भाग ही पुढच्या-मागच्या प्रत्येक अर्ध्या भागाची रुंदी, बारावा भाग गळ्याला, सहावा भाग आणि वर थोडं मुंड्याच्या, म्हणजे बाही जोडायच्या गोल कापाच्या, खोलीला. ज्यांची छाती, पाठ आणि खांदा एकमेकांच्या प्रमाणात आहेत त्यांना हा हिशोब छान बसतो. पण छातीचा घेर दोन वेगळ्या कारणांनी मोठा भरतो. एकीची पाठ आणि बरगड्या रुंद असतात, दुसरीची पाठ लहान आणि छाती पुढून भरलेली असते. टेप दोघींना ४० च दाखवते.

आता या दुसरीचा ब्लाउज घ्या. तिची काखेखालून घेतलेली वरची छाती ३६ आहे आणि भरलेली छाती ४०. सगळं ४० वरून कापलं की मुंडा खोल जातो, गळा रुंद होतो, खांदा दंडावर उतरतो, पाठीवर कापड लोंबतं आणि पुढे मात्र घट्टच राहतं. कारण ४० इंच पुढे-मागे सारखे वाटले गेले, प्रत्येक अर्ध्या भागाला दहा. तिच्यासाठी सांगाडा ३६ चा हवा. खांदा, गळा, मुंडा आणि पाठ ३६ वरून कापायची, म्हणजे पाठीचा प्रत्येक अर्धा भाग ९ इंच. उरलेले चार इंच पुढच्या दोन भागांना दोन-दोन द्यायचे, म्हणजे पुढचा प्रत्येक भाग ११ इंच. बेरीज तीच ४०. त्यावर प्रत्येक भागाला अर्धा इंच सैल, एकूण दोन इंच, आणि शिवणीच्या आतलं कापड वेगळं. पुढचं जास्तीचं कापड टक्समध्ये (टोकाकडे निमुळती होत जाणारी शिवलेली चिमटी) किंवा प्रिन्सेस कटच्या, म्हणजे छातीवरून खाली जाणाऱ्या उभ्या, शिवणीत मुरतं आणि तिथे गोलाई तयार होते. दोन मापांत दोन इंचांपर्यंत फरक असेल तर साधा हिशोब चालून जातो. तीन-चार इंच असेल तर वेगळं कापावंच लागतं, आणि तिथे कटोरी (छातीपुरता वाटीसारखा वेगळा तुकडा) किंवा प्रिन्सेस कटला पर्याय नाही असं माझं मत आहे. चार टक्सच्या साध्या ब्लाउजमध्ये इतका फरक जिरवायला गेलं की टक्स जाड होतात आणि टोकाशी कापड टोचल्यासारखं उभं राहतं.

म्हणून आधी मापं. ती घरीच घ्यावीत, एखाद्या बहिणीला, जावेला किंवा मैत्रिणीला हाताशी धरून, कारण पाठीमागे टेप खाली घसरलेली आपल्याला दिसत नाही. जी ब्रा साडीखाली घालणार तीच घालून मापं घ्यायची. जुनी सैल ब्रा आणि नवी ब्रा यांत छातीचं टोक सहज इंचभर वरखाली होतं. पाळीच्या आधीचे चार-पाच दिवस टाळा, तेव्हा अंगात पाणी धरून छाती जड होते आणि माप फुगतं. श्वास रोखायचा नाही, पोट आत घ्यायचं नाही, खांदे मुद्दाम मागे टाकायचे नाहीत. ज्या अंगाने तुम्ही भात वाढता, एसटीची वाट बघता, त्याच अंगाचं माप हवं.

टेप अंगाला लागलेली पण न आवळलेली असावी. काही जण टेपेखाली दोन बोटं घालून माप घेतात आणि कापताना पुन्हा सैल धरतात. सैलपणा दोनदा मोजला जातो आणि ब्लाउज झब्ब्यासारखा होतो. वहीत अंगाचं खरं माप लिहा, सैल किती ठेवायचं ते कापताना ठरवा. वरची छाती, भरलेली छाती आणि छातीखालचा घेर ही तीन मापं. मग गळ्याच्या मुळापासून खांद्यावरून छातीच्या टोकापर्यंतचं अंतर आणि दोन टोकांमधलं अंतर. ही शेवटची दोन मापं बहुतेक ठिकाणी घेतलीच जात नाहीत, आणि टक्स चुकण्याचं कारण तेच असतं. टक्स टोकापर्यंत शिवायचा नसतो. टोकाच्या इंचभर आधी तो संपवावा, छाती भरलेली असेल तर दीड इंच आधी. खांदा पाठीमागून, हाडापासून हाडापर्यंत. पुढची उंची आणि मागची उंची वेगवेगळी मोजा. भरलेल्या छातीवरून टेप खाली आणली की पुढची उंची मागच्यापेक्षा इंच-दीड इंच जास्त भरते. ती दिली नाही तर ब्लाउज पुढून वर चढतो आणि साडी नेसलेली बाई दिवसभर तो खाली ओढत बसते.

दंडाचं माप कोपर वाकवून घ्या. हात सरळ असताना दंड ११ भरत असेल तर वाकवल्यावर त्याहून जास्तच भरतो, काम करणाऱ्या हाताचा तर ठळक जास्त. आपल्याकडच्या बायकांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. भाताच्या लावणीला वाकणारी, विहिरीचं पाणी ओढणारी, हर्णै किंवा मालवणच्या बंदरावर पाटी उचलणारी बाई असेल, तिचा दंड आणि खांदा कामाने घडलेला असतो. त्या दंडावर बाही रुतते, लाल वळ उठतो, आणि ती स्वतःच म्हणते, ‘माझे हात पुरुषासारखे आहेत.’ हात चांगले आहेत. बाहीला सव्वा-दीड इंच सैल हवी होती, ती कुणी दिली नाही.

बाहीबद्दल अजून एक गोष्ट, जी अनेक शिवणारेही उलटी समजतात. हात वर केला की ब्लाउज वर चढतो, म्हणून मुंडा आणखी खोल कापून घेतला जातो. त्याने त्रास वाढतो. मुंडा जितका खोल, तितकी काखेतली शिवण खाली जाते आणि हात उचलताना ती अख्खी बाजू वर ओढते. मुंडा काखेच्या जवळ, पण न टोचेल असा ठेवायचा, आणि बाहीच्या वरच्या गोलाईची उंची अर्धा ते पाऊण इंच कमी करून बाही तेवढी रुंद कापायची. खांद्याशी थोडी चुणी दिसेल, पण हात पूर्ण वर जाईल. गणपतीत फुगड्या घालायच्या असतील तर असाच कट मागा. फारच हालचाल असेल तर काखेत दोन-अडीच इंचाचा चौकोनी तुकडा आडवा घालून घ्यावा. दिसत नाही, आणि काखेतली शिवण फाटत नाही.

ब्लाउज घालून आरशासमोर उभं राहिल्यावर काय बघायचं? चुण्या. चुणी ज्या जागेकडे बोट दाखवते तिथे कापड कमी आहे किंवा जास्त आहे, एवढाच तिचा अर्थ. हुकांपासून दोन्ही बाजूंना ताणलेल्या आडव्या रेषा म्हणजे पुढचा भाग अरुंद. बाजूची शिवण मोकळी करा, पण फक्त पुढच्या भागाकडून. आणि एक हूक अगदी छातीच्या टोकाच्या रेषेत येतोय ना ते पाहा. दोन हूक त्या रेषेच्या वर-खाली पडले तर ब्लाउज मापात असूनही फट दिसते. हुकांमधलं अंतर सव्वा ते दीड इंचापेक्षा जास्त नको. मुंड्यापासून टोकाकडे झोळ पडत असेल तर तिथलं अर्धा इंच कापड बाजूच्या टक्समध्ये वळवायचं. मागच्या गळ्याखाली आडवी घडी येत असेल तर पाठीची उंची जास्त आहे. खांदा सारखा घसरत असेल तर मागचा गळा खोल आणि रुंद दोन्ही झालाय. खोल गळा हवाच असेल तर गळ्याची खांद्याकडची रुंदी अर्धा इंच कमी करा आणि वर नाडी बांधा.

आणि ती वळी. ब्लाउजच्या पट्ट्याखाली, पाठीवर जी दिसते आणि जिच्यामुळे कितीतरी जणी पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन बसतात. मऊ कातडीवर कुठेही पट्टी आवळली की ती वर-खाली फुगणारच, सडपातळ बाईचीही फुगते. खात्री करायची असेल तर पट्ट्याच्या जागी साधी नाडी हलकी बांधून बघा, मग आवळून बघा. अंग तेच आहे, वळी नाडीने आणली. छातीखालच्या घेरात अर्धा-पाऊण इंच सैल सोडा आणि ब्लाउजची उंची इंचभर वाढवा, म्हणजे कड न रुतता अंगावर सपाट टेकेल. त्याच धर्तीवर काखेपुढे जो मांसल उंचवटा दिसतो, त्यालाही बायका फार नावं ठेवतात. पुष्कळ जणींना तो असतो, काहींच्या काखेत स्तनाचाच थोडा भाग जन्मापासून असतो आणि पाळीच्या वेळी तो दुखू शकतो. पुढची रुंदी अर्धा इंच वाढवली की ब्लाउज तिथे कापल्यासारखा रुतत नाही. मात्र नव्याने गाठ लागली तर शिंप्याकडे नको, डॉक्टरकडे जा.

दोन्ही बाजू सारख्या नसणं हे तर घरोघरी आहे. एक छाती दुसरीपेक्षा मोठी, एक खांदा खाली, विशेषतः वर्षानुवर्षं एकाच हाताने ओझं वाहिलेलं असेल तर. शिंपी कापड दुमडून दोन्ही बाजू एकदम कापतो, त्यामुळे हा फरक ब्लाउजमध्ये उठून दिसतो. कापताना मोठ्या बाजूचं माप धरायचं आणि लहान बाजूला टक्स पाव इंच खोल घ्यायचा, हवं तर आत अस्तराचा जादा थर. उतरत्या खांद्याला खांद्याच्या शिवणीत पाव इंच जास्त दाबायचं. छातीचं ऑपरेशन झालेल्या बाईलाही हेच तंत्र उपयोगी पडतं. अस्तराच्या आत कापसाच्या कापडाची एक पिशवी शिवून घ्यायची, त्यात पॅड बसतं आणि धुताना काढता येतं. असं काम सांगायला लाज वाटते म्हणून कितीतरी जणी नुसते सैल गाऊन घालून घरात बसतात. सांगा. चांगल्या शिवणारणीला हे काम येतं.

सांगण्यावरून आठवलं. दुकानात माप घेताना ‘बेचाळीस... अडतीस...’ असं मोठ्याने ओरडून पोराला लिहायला सांगायची पद्धत बंद झाली पाहिजे. बाकावर आणखी चार गिऱ्हाइकं बसलेली असतात, एखादी पंधरा वर्षांची मुलगी असते. सरळ म्हणावं, ‘मापं बोलू नका, वहीत लिहा.’ किंवा घरून चिठ्ठीवर लिहून न्यावीत. ‘जरा बारीक व्हा, मग फिटिंग येईल’ असं म्हणणाऱ्या शिवणाऱ्याकडे दुसऱ्यांदा कापड देऊ नका. शिवणं हे त्याचं काम आहे.

आणि घरच्यांचं काय करायचं? मुंबईहून चाकरमानी गणपतीला घरी आले की उंबऱ्यातच सुरू होतं, ‘काय गो, किती सुटलंस!’ नाहीतर, ‘हाडां दिसतत गो तुजी!’ बोलणारीच्या मनात बहुधा माया असते, पण ऐकणारी आतल्या खोलीत जाऊन साडी बदलते. मला वाटतं, घरातल्या थोरल्या बाईने ही सवय मोडावी. आलेल्या मुलीला विचारायचं ते प्रवास कसा झाला, जेवलीस का. अंगाचा विषय तिने काढला तरच काढायचा.

तयार कपड्यांच्या आकड्यांचंही जरा बघा, कारण एल जाऊन एक्सएल आला की काळजाला लागतं. हे आकडे कुणाच्या अंगावरून निघाले? अमेरिकेच्या कृषी खात्याने १९३९-४० मध्ये सुमारे १५ हजार बायकांची मापं घेतली, प्रत्येकीची पन्नासहून जास्त. निष्कर्षांत फक्त गोऱ्या बायकांची मापं धरली. त्या कामाच्या आधारावर १९५८ मध्ये तिथे कपड्यांच्या साइजचं प्रमाण ठरलं, आणि १९८३ मध्ये तेही मागे घेतलं गेलं, कारण लोकांच्या अंगाशी त्याचा मेळ राहिला नव्हता. आपल्याकडे निफ्ट या फॅशन शिक्षणाच्या सरकारी संस्थेने वस्त्रोद्योग मंत्रालयासाठी ‘इंडियासाइज’ नावाचं सर्वेक्षण हाती घेतलं, देशभरातल्या १५ ते ६५ वयाच्या २५ हजार स्त्री-पुरुषांची मापं थ्रीडी स्कॅनरने घेण्यासाठी. तोवर कुर्त्यांचे आकडे कंपनीगणिक वेगळेच होते. तेव्हा कुर्ता घेताना अक्षर बघू नका. स्वतःचा एक नीट बसणारा कुर्ता काखेपासून काखेपर्यंत सपाट मोजून ठेवा, दुकानातल्या कुर्त्याला तीच टेप लावा. अंगाच्या सगळ्यात मोठ्या भागाला बसेल तो घ्यायचा आणि बाकी ठिकाणी आत घ्यायचा. आत घेता येतं, नसलेलं कापड बाहेर काढता येत नाही. साइजची पट्टी मानेला टोचत असेल किंवा मनाला, कात्रीने काढून टाका.

कापडाबद्दल थोडक्यात, पण कोकणात हे टाळून चालणार नाही. इथल्या दमट हवेत मे महिन्यात सिंथेटिक अस्तराचा आवळ ब्लाउज म्हणजे घामोळं आणि पावसात अर्धवट वाळलेला घातला तर नायटा. काखेतला आणि छातीखालचा काळेपणा पुष्कळदा या घासण्याने आणि घामानेच येतो. घासणी साबणाने खरवडून तो वाढतो, सैल सुती अस्तराने कमी होतो. (मान मखमलीसारखी काळी आणि जाड झाली असेल तर मात्र साखर तपासून घ्या.) अस्तर सुतीच घ्या, ते रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापू द्या. नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं, वरचं कापड फुगतं आणि पुन्हा दोष जातो तुमच्या वजनाला. हूक पितळी किंवा स्टेनलेसचे मागा, खाऱ्या हवेत साधे हूक गंजून कापडावर डाग पाडतात.

जुना ब्लाउज ‘मापाला’ देऊ नका. त्यात जी चूक आहे तीच पुढच्यात उतरते. द्यायचाच असेल तर घालून, आरशात बघून, जिथे ओढतं तिथे सेफ्टीपिन लावून द्या आणि सोबत मापांची चिठ्ठी द्या.

‘बारीक झाले की घालीन’ म्हणून ठेवलेले ब्लाउज काढा आणि उलटे करा. बाजूच्या शिवणीत प्रत्येकी इंचभर कापड आत सोडलेलं असेल तर आजच उसवा. उसवलेल्या जुन्या शिवणीचे भोकांचे ठसे ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवली की सुती कापडात बरेच बुजतात, रेशमात राहतात. आत कापड नसेल तर काखेखालून कमरेपर्यंत दोन इंच रुंद पट्टी दोन्ही बाजूंना घालून घ्या. शिवणी जाऊन एकूण अडीच इंच मिळतात. साडीच्या आतल्या टोकाचं कापड पट्टीला वापरलं तर रंग बरोबर जुळतो. नवा शिवताना बाजूला दीड-दीड इंच आत सोडायला सांगा आणि अस्तरातही तेवढंच. वरचं कापड सोडलं आणि अस्तर कापून टाकलं तर पुढे काही उपयोग होत नाही.

पाठ वाकलेल्या आजीचा ब्लाउज साध्या हिशोबाने कधीच बसत नाही. मागचा भाग वर चढतो, पुढे गळ्यापाशी कापड जमतं, आणि तिला वाटतं आता आपल्याला काही शोभत नाही. तिची मागची उंची मानेच्या मणक्यापासून पोकावरून टेप नेऊन मोजा, ती पुढच्यापेक्षा दोन इंचसुद्धा जास्त भरू शकते. पुढची तेवढी कमी करा. मागच्या गळ्याला दोन बारीक टक्स घेतले की कापड पाठीवर नीट टेकतं. बोटं दुखत असतील तर हुकांऐवजी मोठी टिचबटणं, पुढून.

राहिल्या शाळेतल्या मुली. जूनमध्ये शिवलेला गणवेश दिवाळीपर्यंत छातीत आवळतो, आणि बारा-तेरा वर्षांची मुलगी ते लपवायला पोक काढून, दप्तर छातीशी धरून चालायला लागते. घरात तिला ‘ताठ चाल’ म्हणून ओरडा बसतो. ओरडण्याआधी तिच्या कुर्त्यात पुढून किती जागा आहे ते बघा. या वयात शिवताना बाजूला दीड इंच आत सोडा, खाली तीन इंच दुमड ठेवा, पुढे छोटा बाजूचा टक्स घ्या, आणि सहामाही परीक्षेच्या सुमारास तिला विचारून, दार लावून, पुन्हा मापं घ्या. माप तिला स्वतःला वाचू द्या आणि वहीत तिच्याच हाताने लिहू द्या.